दोर पाहील तो आधी उतरेल

उकंडरावाच्या उजव्या तळहातावरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. पस्तीस वर्षं रोज सकाळी त्या हातातून लोखंडी तार गेली. हातात सुती फडकं, फडक्यात तार, आणि इंजिन हळूहळू तार सोडत राहायचं. तारेतला एखादा बारीक धागा तुटला असला की तो फडक्याला धरायचा. उकंडराव हात वर करायचा, इंजिन थांबायचं, आणि त्या जागी खडूची खूण व्हायची. एका वितीत तीन खुणा झाल्या की तार बाद. मालक ओरडो, माणसं बसून राहोत, बाद म्हणजे बाद.

केनवडचा हा माणूस. सतराव्या वर्षी विहिरीच्या कामाला लागला तेव्हा चार माणसं रहाट ओढायची. पुढं यारी आली. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर रोवलेला लोखंडी खांब, त्याला फिरणारा हात, हाताच्या टोकाला कप्पी आणि मागं डिझेल इंजिन. खाली फोडलेला दगड लोखंडी बादलीत भरायचा, इंजिनानं वर ओढायचा, हात फिरवून बाजूला ओतायचा. माणसंही त्याच बादलीतून उतरतात आणि चढतात. दुसरी वाट नसते.

नियम त्यानंच घातला होता, आणि त्याला कारण होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी कारंज्याकडच्या एका कामावर तार पाहायचं काम मुकादमाचं होतं. मुकादम काठावर खाट टाकून बसायचा. एका सकाळी तार न पाहताच तो "पायली" म्हणाला, आणि दौलतराव नावाचा माणूस बादलीत बसला. उकंडराव त्याच्या आधीच्या फेरीनं खाली पोचला होता. तार तुटून दौलतराव त्याच्या पुढ्यात पडला. उकंडरावानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. वर न्यायला दोर राहिला नव्हता. दुसरी तार येईपर्यंत तीन तास दोघं खाली होते. शेवटचा दीड तास उकंडराव एकटाच होता, पण डोकं मांडीवरून खाली ठेवायला त्याचा हात धजला नाही.

पुढं त्याची स्वतःची टोळी झाली. टोळीत नियम एकच. दोर पाहील तो आधी उतरेल. एकटा उतरेल, खाली पाय टेकवेल, दोराला दोन हिसके देईल, मगच दुसरा बसेल. या नियमावरून त्यानं माणसं घालवली. एकदा रामधन, त्याचा इंजिन चालवणारा, तार पाहून म्हणाला, "आज माहं पोट दुखते, दुसऱ्याले उतरवा." उकंडरावानं काम बंद ठेवलं. दुपारी रामधनचं पोट बरं झालं, तेव्हा रामधनच उतरला.

प्रसेनजित हा उकंडरावाचा मुलगा. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला. उन्हाळ्यात तो घरी आला तो एक खोकं घेऊन. खोक्यात दोर होता, बोटाएवढा जाड, पिकल्या गव्हाच्या रंगाचा. शंभर फुटांचं वेटोळं त्यानं एका हातात उचलून आणलं. तेवढी लोखंडी तार उचलायला दोन माणसं लागली असती.

"हे काय होय?" उकंडरावानं विचारलं.

"दोरच होय. द्रवस्फटिक बहुवारिकाच्या धाग्याचा."

"मराठीत सांग."

"मराठीतच सांगतलं, बाबा."

प्रसेनजितची आई बेबीताई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "वीस वर्षं शाळा शिकला अन दोर वळला पोट्ट्यानं. घरी बसला असता तं अंबाडीचा मीच शिकवला असता."

प्रसेनजित हसला आणि चुलीजवळच बसला. "पाय आई. साधं प्लॅस्टिक म्हणजे शिजलेल्या शेवया. आतमधी सगळा गुंता. याचे रेणू ताठ असतात, तुराट्यांसारखे. वितळवले तरी ताठच राहतात. आता नाल्याच्या पुरात तुराट्या सोडल्या तं कशा जातीन?"

उत्तर उकंडरावानं दिलं. "धारेच्या अंगानं. एकीच्या बाजूनं एक."

"तसंच हे. पातळ असतानी बारीक छिद्रातून दाबून काढलं का सगळे एका अंगावर झोपतात. गार झालं तरी तसेच राहतात. मंग ओढा किती ओढता ते. वजन लोखंडाच्या पाचव्या हिश्श्याएवढं, ताकद तारेपेक्षा कमी नाई."

उकंडरावानं दोराचं टोक बोटांत धरून पाहिलं. "अन आडवं?"

"आडवं काय?"

"तुराटीचा भारा ओढून तुटत नाई. पण गुडघा देऊन दाबला का पिचते."

प्रसेनजितनं दोर बोटांत वाकवून पाहिला. "बराबर. आडवा हा कमजोर आहे. म्हणून याले गाठ मारायची नाई. लोखंडी क्लिपा आवळायच्या नाई. टोकाले फास करायचा तो असा." दोर पोकळ विणलेला होता. त्यानं टोक उलटं फिरवून दोराच्याच पोटात घातलं आणि सरकवत नेलं. "नाडी ओवल्यासारखं. जेवढं वजन पडते तेवढा बाहेरचा दोर आतल्याले आवळते."

प्रयोगशाळेला तो दोर खऱ्या कामावर महिनाभर वापरून पाहायचा होता. आणि त्याच आठवड्यात आसेगावजवळ पंजाबरावांच्या विहिरीवर उकंडरावानं जुनी तार बाद केली होती. दोन्ही गोष्टी जुळल्या. दोन दिवस प्रसेनजितनं स्वतः उभं राहून दुप्पट वजनाचे दगड उचलून पाहिले. दोरानं हूं की चूं केलं नाही. जुनी तार भंगारवाल्यानं नेली. तिसऱ्या दिवशी प्रसेनजित केनवडला घरी गेला.

एकच अडचण होती. टोकाशी दोरात दोर घातलेला, त्यामुळं तिथं तो दीडपट जाड झाला होता. यारीची कप्पी बारीक तारेची. जाड भाग खाचेत बसेना, आणि बादली विहिरीच्या तोंडाखाली तीन फुटांवर अडायची. दगड वाकून हातानं उपसावे लागायचे. एका फेरीला सहा मिनिटं जास्त. दिवसाच्या चाळीस फेऱ्या धरल्या तर चार तास पाण्यात. उकंडरावाला वाया गेलेली मेहनत सहन होत नाही. संध्याकाळी मुक्कामाला जाताना तो रामधनला म्हणाला, "बादली वर्‍हे येत नाई. काहीतरी कर."

रामधननं केलं.

सकाळी उकंडराव आला तेव्हा इंजिन चालू होतं. त्यानं फडकं घेतलं, दोर हातात घेतला आणि मान हलवली. दोर सरकू लागला. फडक्याला काही धरेना. पहिले दहा फूट त्याला बरं वाटलं. वीस फुटांनंतर त्याला कळलं की हा दोर चांगला असो की वाईट, हाताला सारखाच लागणार. हा टोचत नाही. लोखंड मरायच्या आधी बोलतं, हा बोलत नाही. प्रसेनजित म्हणाला होता, की याची वीण उघडून आतले धागे भिंगातून पाहावे लागतात. भिंग प्रसेनजितच्या पिशवीत, पिशवी केनवडला.

त्यानं शेवटपर्यंत दोर हातातून नेला. बादलीच्या कडीशी गोणपाट गुंडाळलेलं होतं. तारेच्या टोकाला माती लागू नये म्हणून रामधन पूर्वीपासून तिथं जळक्या तेलातलं गोणपाट बांधायचा. उकंडरावानं ते तीस वर्षं रोज पाहिलं होतं. त्यानं ते उघडलं नाही. रोज कधी उघडलं होतं?

"पायला," तो म्हणाला, आणि नियमाप्रमाणं बादलीत बसला.

विहीर चोपन्न फूट. वरची दहा फूट माती, मग मुरूम, मग काळा खडक, बाजू सुरुंगानं तासलेल्या. पाय ठेवायला खाच नाही. खाली झरा लागला होता, पंप सारखा चालू ठेवावा लागायचा. बादली टेकली. उकंडराव उतरला, हिसके द्यायला त्यानं दोराला हात घातला, आणि हाताला गोणपाट लागलं ते जागेवर नव्हतं. चार बोटं खाली सरकलं होतं.

त्यानं ते सोडलं. आत तीन लोखंडी क्लिपा होत्या. तारेला लावतात त्याच, करकचून आवळलेल्या. ओवलेला जाड फास रामधननं कापून टाकला होता आणि उघड्या टोकाला क्लिपा मारल्या होत्या. क्लिपेखाली दोर चपटा झाला होता आणि रुईच्या म्हातारीच्या कापसासारखा पिवळा भुगा बाहेर आला होता. क्लिपांतून टोक सटकत आलं होतं. करंगळीच्या दोन पेरांएवढं उरलं होतं.

उकंडरावानं ते टोक बोटांत धरलं. एवढ्यावर तो आला होता.

"रामधन," त्यानं खालून हाक मारली. विहिरीत आवाज चढवावा लागत नाही. "क्लिपा तू लावल्या?"

वर इंजिन बंद झालं. रामधनचं डोकं काठावर दिसलं, आभाळाच्या गोल तुकड्यात काळं. "हाव. तुमीच म्हणले होते काहीतरी कर. लय चिवट दोर हो उकंडभाऊ, कुऱ्हाडीची धार गेली माही."

"टोक सटकून राह्यलं."

रामधन काठावर आणखी वाकला. त्याच्या डोक्याशेजारी पंजाबरावांचं डोकं आलं. ते विहिरीचे मालक, बोलके गृहस्थ. "मी आसेगावातून नायलॉनचा दोर आणतो. अर्ध्या तासात."

"तो कोण पायला?"

"पाह्यचा काय त्यात, नवा आहे दुकानातला."

"कोण पायला ते सांगा."

उकंडराव तेव्हा दगडावर बसला. त्यानं हिशेब केला. दोर नुसता वर पाठवला तर रामधन पुन्हा क्लिपाच लावील, त्याला दुसरं येत नाही. मग त्या न पाहिलेल्या क्लिपांवर आपण लटकायचं. दौलतरावसारखं. तो या विहिरीत अडकला होता हे खरं, पण दोर मिळत नव्हता म्हणून नव्हे. दोर हवे तेवढे मिळत होते. त्याच्याच नियमानं त्याला खाली धरून ठेवलं होतं.

"प्रसेनजितले फोन लावा," तो म्हणाला.

पंजाबरावांनी लावला. प्रसेनजित केनवडहून मोटरसायकलनं निघतो म्हणाला, दोन तास लागतील. नऊ वाजले होते. अकरा वाजता शेतातली लाईन जाते आणि पंप बंद पडतो. त्यानंतर तासाभरात पाणी कमरेला लागतं, दोन तासांत छातीला. उकंडरावाला पोहता येत नाही. जन्म विहिरीत गेला, पण कोरड्या विहिरीत.

"त्याले म्हणा निघू नको अजून. आधी सांग, नाडी कशी ओवली होती."

मग पंजाबराव एका कानाला फोन आणि तोंड विहिरीत असे पालथे झोपले. प्रसेनजित सांगायचा, पंजाबराव खाली ओरडायचे.

"तो म्हणते, पिचलेला भाग आधी कापून टाका. चांगला दोर लागला पाह्यजे."

उकंडरावानं दोर दगडावर ठेवला, खाली राहिलेली कामाची छन्नी क्लिपांच्या वर धरली आणि हातोड्याचा घाव घातला. दोर तसाच. दुसरा घाव. दहाव्या घावाला निम्मे धागे तुटले. एकोणतिसाव्याला दोर सुटला. छन्नीचं तोंड बोथट झालं होतं. हातात क्लिपा लटकलेला तुकडा आला. तो त्यानं बादलीत टाकला, रामधनला दाखवायला.

"टोक किती आत घालायचं?"

"जाडीच्या सत्तरपट, म्हणते."

"जास्त झालं तं?"

पंजाबराव फोनवर बोलले. "जास्त चालते. कमी चालत नाई."

"मंग अंगठ्यानं मोजतो."

दोर अंगठ्यापेक्षा बारीकच होता. त्यानं दोरावर अंगठ्याच्या रुंदीनं सत्तर मापं टाकली. चाळिसाव्याला पंजाबरावांनी "झालं काय?" विचारलं आणि त्याचा आकडा चुकला. त्यानं पहिल्यापासून मोजलं.

"पंजाबराव, मी मोजतो तवर तुमी मुके राहा."

"राह्यलो."

"शेपूट निमुळतं करा," हे नंतर सांगण्यात आलं. टोकाचे धागे थोडे थोडे कमी करत न्यायचे, नाहीतर आतला दोर जिथं एकदम संपतो तिथंच बाहेरचा तुटतो. उकंडरावानं छन्नीनं दोन-दोन धागे दगडावर घासून तोडले. यालाच पाऊण तास गेला. बोटांची सालं निघाली. बादलीच्या कडीचं लोखंड दोराला चावू नये म्हणून काय घालावं, असं त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि खांद्यावरचं फडकं काढलं. तार पाहायचं फडकं. ते त्यानं कडीला घट्ट गुंडाळलं.

ओवायला सुई नव्हती. खाली फुटलेल्या सुरुंगांची बारीक वायर पडली होती. ती दुहेरी वळून त्यानं तिची सुई केली, कडीतून घेतलेलं दोराचं तोंड तिच्यात अडकवलं आणि दोराच्या पोटात घुसवलं. बाहेरचा दोर मागं ढकलायचा, सुई पुढं. वीतभर गेली की दम घ्यायचा. उजेड मंद होता, डोळ्यांना काही दिसत नव्हतं, सगळं काम हातांचं. ज्या हाताला सकाळी या दोरातलं काही कळलं नाही, त्यानंच आता तो आतून बांधला. तोडलेल्या धाग्यांतलाच एक घेऊन त्यानं फासाच्या मानेला आरपार टाके घातले, म्हणजे दोर सैल पडला तरी सुटणार नाही.

"म्हणते, आता ओढून बसवा."

"सांगा, बसला."

अकराला पाच कमी असताना तो उठून उभा राहिला. गुडघे सरळ व्हायला वेळ लागला. मग त्यानं बादलीत दगड भरायला सुरुवात केली.

"आता कायले दगड?" रामधननं विचारलं. "या ना वर्‍हे."

"माह्या दुप्पट वजन भरतो. दहा फूट उचल, खाली ठेव. तीन वेळा."

"तुटला तं तुमी खालीच आहा."

"म्हणूनच म्हणतो, झटका देऊ नको."

तो खडकाच्या बाजूला पाठ लावून उभा राहिला, पाय जुळवून, हात मागं. बादली उठली. दोर ताठ झाला आणि ओवलेल्या जागेतून बारीक करकर ऐकू आली, नवीन चपलेसारखी. बादली दहा फुटांवर फिरत राहिली, तिच्यातून पाणी त्याच्या तोंडावर गळत होतं. त्यानं डोळे मिटले नाहीत. पहिली. दुसरी. दुसरीला पंपाचा आवाज बंद झाला. लाईन गेली. आता विहिरीत फक्त झऱ्याचा आवाज होता. तिसरी.

त्यानं फास हातानं चाचपला. टाके जागेवर होते. दगड काढले. पायाच्या घोट्यांना पाणी लागलं तेव्हा तो बादलीत बसला. क्लिपांचा तुकडा मांडीवर होता.

वर जाताना तो मोजत होता. काळा खडक संपला, मुरूम संपला, माती आली, गवताची मुळं आली. आणि काठाच्या तीन फूट खाली बादली थांबली. जाड फास कप्पीत बसत नव्हता. कालच्याच जागी.

उकंडराव एक्कावन्न फुटांवर लटकत बसून राहिला. मग रामधन पोटावर झोपला आणि त्यानं दोन्ही हात खाली केले. पंजाबरावांनी त्याचे पाय धरले. उकंडरावानं त्याचं मनगट धरलं आणि काठावर आला. तिथंच बसून त्यानं क्लिपांचा तुकडा रामधनच्या हातात दिला.

"पाय," तो म्हणाला. शिवी दिली नाही. "अन हे पाह्यचं काम माह्यं होतं. मी गोणपाट उघडलं नाई."

प्रसेनजित एक वाजता आला. त्यानं बापाची बोटं पाहिली, मग फास पाहिला. टाके पाहून म्हणाला, "आमच्याकडं हे करायले आठ दिवस शिकवतात."

"किती वजन घेईन?"

"पुरतं घेईन. पण मी उद्या नवा करतो. अन कप्पी बदलू."

कारंज्याहून मोठी कप्पी आणण्यात आणि नवा फास ओवण्यात दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी यारी पुन्हा उभी राहिली. बादली काठाच्या वर चार फूट येत होती. रामधननं इंजिन हळू लावलं. उकंडरावानं घरून नवं फडकं आणलं होतं. दोर त्याच्या हातातून दहा फूट गेला आणि त्यानं हात वर केला.

"काय झालं?" प्रसेनजितनं विचारलं.

"काई नाई झालं. म्हणूनच थांबवलं. मले यातलं काई समजत नाई."

पस्तीस वर्षांत हे वाक्य कोणी ऐकलं नव्हतं.

"मी पाहतो," प्रसेनजित म्हणाला. त्यानं पिशवीतून भिंग काढलं. हात हात करत सगळा दोर पाहिला, वीण उघडून, आतले धागे उलटून. दीड तास लागला. घाई केली नाही. उकंडराव शेजारी उभा राहून पाहत होता, आणि काम नीट होत आहे हे त्याला कळत होतं. शेवटी प्रसेनजितनं फासाचे टाके मोजले, कडीचं फडकं चाचपलं आणि उभा राहिला.

"पायला," तो म्हणाला.

ते म्हणून झाल्यावर त्याला नियम आठवला. त्यानं बापाकडे पाहिलं. रामधननं खाली पाहिलं. टोळीतली सगळी माणसं दुसरीकडे पाहू लागली. प्रसेनजित जन्मात कधी विहिरीत उतरला नव्हता. उकंडरावानंच त्याला कधी काठाजवळ येऊ दिलं नव्हतं. शाळा शिक, पुण्याला जा, यासाठीच दगड उपसले होते.

एक शब्द पुरला असता. राहू दे, आज मी उतरतो. माणसांनी ऐकलं असतं, रामधन तर खूश झाला असता. उकंडरावाच्या तोंडात तो शब्द आला आणि तिथंच राहिला. रामधनचं पोट दुखलं त्या दिवशी हाच शब्द त्यानं दिला नव्हता.

प्रसेनजितनं बूट काढले, जोडीनं काठावर ठेवले. "बाबा, खाली गेल्यावर हिसके किती द्याचे?"

"दोन," उकंडराव म्हणाला. "पाय टेकल्यावर. आधी नाई. अन खाली पाहू नको, दोराकडं पाहत राह्य."

प्रसेनजित बादलीत बसला. यारीचा हात विहिरीवर फिरला. रामधननं ब्रेक सोडण्याआधी उकंडरावाकडे पाहिलं आणि उकंडरावानं मान हलवली.

दोर जाऊ लागला. उकंडराव काठावर गुडघे टेकून बसला आणि जाणाऱ्या दोरावर त्यानं फडक्याचा हात ठेवला. हाताला काही लागत नव्हतं. तरी त्यानं हात काढला नाही. खालून दोन हिसके येईपर्यंत तो तसाच बसून होता.